वर्ल्ड कप जिंकली, मग जगज्जेती का नाही? महिला बुद्धिबळ पहिल्यांदाच बघायला बसणाऱ्यांसाठी

२८ जुलै २०२५. श्रावणातला पहिला सोमवार. घरात उपवास, साबुदाण्याची उसळ झाकून ठेवलेली (पुण्या-मुंबईकडचे खिचडी म्हणतात, म्हणोत) आणि मी साडेचारपासून मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बसलेली. तिकडे जॉर्जियातल्या बातुमी शहरात आपली नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हंपीशी महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीचा टायब्रेक (बरोबरी सोडवायचे जादा डाव) खेळत होती. दिव्या जिंकली, आईच्या गळ्यात पडून रडली, इकडे मी रडले, उसळ गार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले भाऊ दारातूनच म्हणाले, "मॅडम, आपली पोट्टी वर्ल्ड चॅम्पियन झाली म्हणते!"

"वर्ल्ड चॅम्पियन नाही जी, वर्ल्ड कप जिंकली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिचा कप काढून घेतला.

तेव्हापासून हा खुलासा मी भाजीवालीपासून नणंदेपर्यंत सगळ्यांना करत आले. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवात पुन्हा तोच प्रश्न आला आणि वाण लुटायचं सोडून अर्धा तास त्यातच गेला. म्हणून एकदाचं लिहून काढते. २८ मार्च ते १६ एप्रिल २०२६ या काळात सायप्रसमध्ये महिलांची कँडिडेट्स स्पर्धा ठरली आहे आणि दिव्या तिला पात्र आहे. हे लिहितेय ते जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे हाताशी दोन महिने आहेत. प्यादं, हत्ती, घोडा कसा चालतो एवढं माहीत असलं तरी पुरे.

मी स्वतः खेळाडू नाही, हे आधीच सांगते. मुलगा खेळायचा तेव्हा नऊ वर्षं मी हॉलबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसले. जे काही कळलं ते तिथेच कळलं. आजही त्याच्याशी वीस चालींच्या वर टिकत नाही.

पायरी पहिली: तीन नावं वेगळी करा

वर्ल्ड कप म्हणजे विश्वचषक. कँडिडेट्स म्हणजे आव्हानवीरांची स्पर्धा. वर्ल्ड चॅम्पियनशिप म्हणजे जगज्जेतेपदाची लढत. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या याच क्रमाने येतात.

घरात एमपीएससीचा अभ्यास करणारं कोणी असेल तर लगेच कळेल. विश्वचषक ही पूर्वपरीक्षा. कँडिडेट्स ही मुख्य परीक्षा, तिथे फक्त आठ जणी. त्यातून एकच जण निवडली जाते आणि ती मुलाखतीला जाते. फरक एवढाच, की इथे मुलाखतीच्या खोलीत नोकरीवर आधीच एक बाई बसलेली असते आणि तिला खुर्चीवरून उठवायचं असतं. सध्या ती बाई म्हणजे चीनची जू वेनजुन. २०१८ पासून खुर्ची तिच्याकडे आहे आणि आतापर्यंत पाच वेळा तिने जगज्जेतेपद जिंकलंय. तिला पूर्व नाही, मुख्य नाही. ती वाट बघते.

म्हणजे दिव्याने बातुमीत जे मिळवलं ते कँडिडेट्सचं तिकीट. सायप्रसमध्ये ती आठ जणींत पहिली आली तर जू वेनजुनसमोर बसेल. आणि जूला हरवलं तर मग दूधवाले भाऊ बरोबर आणि मी चूक.

आता गंमत ऐका. भाऊंचा गोंधळ अगदीच अडाण्याचा नाही. २०१८ पर्यंत महिलांचं जगज्जेतेपद कितीतरी वेळा असल्याच बाद स्पर्धेतून ठरत असे. साठ-पासष्ट जणी जमायच्या, हरली की घरी, शेवटी उरेल ती जगज्जेती. २०१७ साली तेहरानमध्ये तान झोंगयी अशीच जगज्जेती झाली. जू वेनजुननेही २०१८ च्या नोव्हेंबरात खांती-मानसिस्कला बाद स्पर्धा जिंकूनच किताब राखला होता. त्याआधी चीनच्याच होउ यिफानला ही पद्धत इतकी पटेना, की तेहरानला ती किताब राखायला गेलीच नाही. मग नियम बदलले. २०२० पासून जगज्जेतेपद फक्त दोघींच्या समोरासमोरच्या लढतीतून ठरायला लागलं आणि २०२१ पासून महिलांचा विश्वचषक स्वतंत्र सुरू झाला. बातुमीतला पराक्रम दिव्याने दहा वर्षं आधी केला असता, तर तेवढ्यावर ती जगज्जेती म्हणवली गेली असती! हे सांगितल्यावर आमच्या भिशीतल्या एक काकू फार हळहळल्या. मला मात्र नवी पद्धतच बरी वाटते. बाद स्पर्धेत एका संध्याकाळी ताप आला तरी सगळं संपतं. जगज्जेती ठरायला थोडा दम लागलेला चांगला.

पायरी दुसरी: आठ खुर्च्या कागदावर मांडा

कालनिर्णयचं जुनं पान घ्या, मागे आठ चौकोन काढा. सायप्रससाठी पात्र ठरलेल्या आठ जणी आणि त्यांची वाट अशी.

विश्वचषकातून तिघी: दिव्या देशमुख, कोनेरू हंपी आणि तान झोंगयी. अंतिम फेरीतल्या दोघी आणि तिसरी आलेली, एवढा सरळ हिशेब.

ग्रँड स्विसमधून दोघी: आर. वैशाली आणि कॅटेरिना लाग्नो. ही स्पर्धा सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदला झाली. दोघींचे ११ पैकी ८ गुण, टायब्रेकवर (इथे जादा डाव नाहीत, नुसता हिशेब) वैशाली पहिली. तिने २०२३ ची ग्रँड स्विसही जिंकली होती, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा.

ग्रां प्रीमधून दोघी: झू जिनेर आणि अलेक्झांड्रा गोर्याचकिना. ग्रां प्री म्हणजे सहा शहरांतल्या सहा स्पर्धांची मालिका. प्रत्येक स्पर्धेत दहा जणी, आणि प्रत्येकीने सहापैकी तीन खेळायच्या. यातली एक एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यात झाली. हंपी आणि झू जिनेर यांचे सारखे ७ गुण झाले, टायब्रेकवर हंपी जिंकली, दिव्या तिसरी आली. मला जायचं होतं. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर राहिलं आणि मी घरी.

आठवी खुर्ची वर्षभरातल्या ठरावीक स्पर्धांच्या गुणतक्त्यातून मिळते. ती कझाकस्तानच्या बिबिसारा असाउबायेवाकडे गेली.

पेन्सिलने लिहा. आयत्या वेळी कोणी माघार घेतली तर राखीव खेळाडू आत येते, आणि खाडाखोड झालेला कागद भिंतीवर बरा दिसत नाही.

आठांत तीन भारतीय आहेत, हे तर दिसलंच असेल.

पायरी तिसरी: बातमीतले शब्द आणि आकडे

जिंकली तर १, बरोबरी तर अर्धा, हरली तर शून्य. "दिव्या २.५–१.५ अशी जिंकली" याचा अर्थ अंतिम फेरीत चार डाव झाले: दोन नेहमीचे, दोन जलद. पहिले तीन बरोबरीत, चौथा दिव्याचा. एवढं वाचता आलं की अर्धी बातमी कळली.

"ग्रँडमास्टर" आणि "महिला ग्रँडमास्टर" यात मात्र वर्तमानपत्रंही गडबडतात. महिला ग्रँडमास्टर हा खालच्या पायरीचा, फक्त महिलांसाठीचा किताब. तो दिव्याकडे आधीपासून होता. बातुमीत तिला मिळाला तो ग्रँडमास्टर, जो पुरुषांना मिळतो तोच, अगदी तोच. एरवी त्यासाठी तीन नॉर्म (म्हणजे स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी) लागतात आणि मानांकन, म्हणजे रेटिंग, एकदा तरी २५०० ला टेकवावं लागतं. दिव्या बातुमीला गेली तेव्हा तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. पण महिला विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो, म्हणून एका संध्याकाळीत ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांमध्ये हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतर चौथी. नागपुरात तिच्याआधी रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोघं ग्रँडमास्टर होतेच. आपलं शहर फक्त संत्र्यांचं आणि सावजीचं, असं कोणी म्हटलं तर ही तीन नावं सांगा.

आणखी एक. "पुरुषांचं जगज्जेतेपद" असं काही नसतं. असतं ते खुलं. त्यात महिला खेळू शकतात. हंगेरीची ज्युडिट पोल्गार महिलांच्या जगज्जेतेपदाच्या वाटेला कधी गेलीच नाही. ती खुल्यात खेळली आणि २००५ साली सान लुईसला जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत बसली. मग महिलांसाठी वेगळा किताब हवा कशाला, यावर आमच्या हॉलबाहेरच्या खुर्च्यांवर कैक दुपारी भांडणं झाली आहेत. माझं मत विचाराल तर हवा. ज्या हॉलमध्ये दोनशे मुलं आणि वीस मुली असतात, तिथे त्या विसांना दिसेल असं एक शिखर पाहिजे.

पायरी चौथी: आज कुठली पद्धत आहे ते बघून बसा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. नवीन माणसाचा रसभंग इथेच होतो. "बरोबरी झाली? म्हणजे काहीच झालं नाही!" असं म्हणून लोक उठून जातात. बरोबरीची किंमत पद्धतीप्रमाणे बदलते.

विश्वचषक बाद पद्धतीचा. दोघींत दोन डाव, एकदा पांढरे मोहरे, एकदा काळे. बरोबरी राहिली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक: आधी जलद डाव, तरी तुटेना तर आणखी जलद, घड्याळातली मिनिटं कमी कमी होत जातात. इथे बरोबरी म्हणजे दम खाणं. दिव्याने उपउपांत्यपूर्व फेरीत झू जिनेरला टायब्रेकमध्ये काढलं, मग हरिकाला टायब्रेकमध्ये, आणि शेवटी हंपीलाही टायब्रेकमध्ये. हंपी म्हणजे २०१९ आणि २०२४ ची जागतिक रॅपिड विजेती. जलद डावांत तिला हरवणं म्हणजे सासूला तिच्याच स्वयंपाकघरात पुरणपोळीत हरवणं. निर्णायक डावात दिव्याकडे काळे मोहरे होते, हेही लक्षात ठेवा.

मधला उपांत्य सामना मात्र टायब्रेकला गेला नाही. समोर माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत, दुसरा दिव्याने १०१ चालींत जिंकला. आमच्याकडे पाऊस पडत होता, दोनदा लाइट गेली, दोनदा आली, आणि दर वेळी पटावर तेच दोन राजे आणि तेवढीच सोंगटी सरकताना दिसायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काऊन जी, हे अजून तेच चाललंय?" तेच चाललं होतं. पण दर दहा चालींनी तानचं घड्याळ आणि जागा दोन्ही कमी होत होती. असा डाव एकदा शेवटपर्यंत पाहिलात की पुढे कोणी तुम्हाला बुद्धिबळ संथ आहे म्हणून पटवू शकणार नाही.

ग्रँड स्विसमध्ये कोणी बाद होत नाही. अकरा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्या दोघी समोरासमोर. जिंकत गेलात तसे समोरचे कठीण होत जातात. नागपुरातल्या रविवारच्या स्पर्धाही याच पद्धतीने होतात, म्हणून ही पद्धत हॉलबाहेरच्या आयांना तोंडपाठ असते.

आणि कँडिडेट्स म्हणजे दुहेरी साखळी. आठ जणी, प्रत्येकीशी दोनदा, एकूण १४ फेऱ्या. इथे पहिली येणारी सगळं घेऊन जाते, दुसरीच्या हाती बक्षिसाची रक्कम आणि घरी परतायचं तिकीट. त्यामुळे उत्तरार्धात मागे पडलेल्या खेळाडूला बरोबरी परवडत नाही. ती धोका पत्करते आणि डाव पेटतात. २०२४ ची टोरांटोची कँडिडेट्स आठवा. तान झोंगयी ९ गुणांनी पहिली, आणि तिच्यामागे दीड गुणाच्या अंतरावर हंपी, लेई तिंगजिए, वैशाली तिघी ७.५ वर. वैशालीने शेवटचे पाच डाव ओळीने जिंकले होते. ओळीने पाच! तरी हातात काही आलं नाही, कारण मध्ये ती ओळीने हरलीही होती. साखळीत सगळे डाव सारख्याच वजनाचे असतात, पहिल्या आठवड्यातला अर्धा गुण शेवटच्या दिवशी वसूल होतो.

साखळीत आणखी एक नियम असतो: एकाच देशाच्या खेळाडूंना सुरुवातीच्या फेऱ्यांतच एकमेकींशी खेळवतात. शेवटी कोणी कोणाला गुण सोडला अशी शंकाच नको. आपल्या तिघी असल्यामुळे याचा अर्थ काय होतो, ते शेवटी सांगते.

पायरी पाचवी: घड्याळ, तिकडचं आणि इकडचं

शहराचं नाव कळलं की आधी वेळेचा फरक काढा. बातुमी आपल्या दीड तास मागे, तिथे दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे साडेचार. चहाची वेळ. चीनमध्ये लढत असली तर ते अडीच तास पुढे, तिथले तीन म्हणजे आपले साडेबारा. टोरांटोची स्पर्धा तिथे दुपारी अडीचला सुरू व्हायची आणि इथे रात्रीचे बारा वाजलेले असायचे. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरी सकाळचा चहा नऊच्या आत झाला नाही.

सायप्रसच्या बाबतीत एक खोच आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २९ मार्चला, तिकडची घड्याळं एक तास पुढे करतात. आधी आपण साडेतीन तास पुढे असतो, त्यानंतर अडीच. त्यामुळे आजच गजर लावून मोकळे होऊ नका. वेळापत्रक लागलं की भारतीय वेळ पडताळून घ्या.

पायरी सहावी: प्रत्यक्ष बघायला बसा

बघायचं कुठे? लिचेस या संकेतस्थळावर सगळ्या मोठ्या स्पर्धांचे डाव फुकट आणि जाहिरातीशिवाय दिसतात. चेस डॉट कॉमवरही दिसतात. बोलणारं माणूस हवं असेल तर यूट्यूबवर फिडेचं थेट प्रक्षेपण आणि चेसबेस इंडियाच्या वाहिनीवरचं समालोचन. फिडे म्हणजे जागतिक संघटना. नवीन माणसाने समालोचनापासूनच सुरू करावं. मार्चअखेर नागपुरात कूलर सुरू झालेला असतो, त्या घरघरीत मोबाईलचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा छोटा स्पीकर असेल तर बाहेर काढा.

पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी दिसेल, अर्धी पांढरी अर्धी काळी. ती संगणकाची. पांढरं वर चढलं की पांढऱ्याची स्थिती चांगली. +१.५ म्हणजे पांढरी साधारण दीड प्याद्याने पुढे, असं संगणकाला वाटतं. संगणकाला, हे महत्त्वाचं. त्याला जे अर्ध्या सेकंदात दिसतं, ते चार तास बसलेल्या, घड्याळात तीन मिनिटं उरलेल्या मुलीला दिसेलच असं नाही. पट्टी बघून "अगं, एवढं साधं दिसत नाही का तिला?" असं ओरडणारे काका प्रत्येक घरात असतात. माझा नियम: पहिला तासभर पट्टी बंद. चाल झाली की स्वतः विचार करायचा, समोरची आता काय खेळेल. दहापैकी आठदा चुकाल. पण दोनदा बरोबर आलात तर त्या दिवशी भाजी करपली तरी चालते.

पट्टीऐवजी बघा ते घड्याळ. बातुमीत पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकीला ९० मिनिटं होती, नंतर ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर. मोठ्या स्पर्धांत थोड्याफार फरकाने असंच काही असतं. म्हणून तिसावी ते चाळिसावी चाल हा डावाचा सगळ्यात धोक्याचा पट्टा. घरातली कामं पहिल्या दोन तासांत उरका आणि एकीची मिनिटं एक आकडी झाली की येऊन बसा. चुका तिथे होतात. अंतिम फेरीच्या शेवटच्या जलद डावातही हंपी वेळेच्या तंगीतच घसरली.

सुरुवातीच्या पंधरा-वीस चाली धडाधड झाल्या तर घाबरू नका, दोघींनी त्या घरून पाठ करून आणलेल्या असतात. जिथे एक जण अचानक थांबते, वीस मिनिटं हात गालावर ठेवून बसते, तिथे समजायचं पाठांतर संपलं. खरा डाव तिथून पुढे.

खेळाडूची देहबोली बघायला मला फार आवडतं. दिव्या विचार करताना चेहऱ्यावर काही उमटू देत नाही. हंपी तर दगडासारखी. तेव्हा चेहरे बघून अंदाज बांधायचा नाद सोडा.

पायरी सातवी: खुर्चीची लढत

कँडिडेट्स जिंकणारी आणि जगज्जेती समोरासमोर बसतात तेव्हा स्पर्धेचं रूपच बदलतं. बारा डाव, तीच दोघी, मध्ये सुट्टीचे दिवस, आणि ६.५ गुण झाले की संपलं. सहा-सहा अशी बरोबरी झाली तर जलद डाव. २०२० साली जू वेनजुन आणि गोर्याचकिना यांच्यात तेच झालं आणि जूने टायब्रेक २.५–१.५ असा काढला. २०२३ मध्ये लेई तिंगजिएविरुद्ध जू आधी मागे होती. आठव्या डावात बरोबरी साधली आणि शेवटचा, बारावा डाव जिंकून ६.५–५.५.

तिला लवकर मोडीत काढू नका, हे कळण्यासाठी एप्रिल २०२५ ची लढत बघावी. शांघाय आणि चोंगकिंगला तान झोंगयी समोर होती. दुसरा डाव तान जिंकली. चार डाव झाले तेव्हा दोघींचे दोन-दोन गुण. मग जूने पाचवा, सहावा, सातवा, आठवा असे ओळीने चार डाव मारले आणि नवव्या डावातच ६.५–२.५ करून उठली. अशा लढतीत समोरची बदलत नाही, म्हणून एक जखम भरायच्या आत दुसरी होते. साखळीत हरल्यावर उद्या वेगळं तोंड बघायला मिळतं, इथे उद्याही तीच.

या खुर्चीपर्यंत भारताकडून लढतीला गेली ती हंपी. २०११ साली अल्बानियातल्या तिरानामध्ये, होउ यिफानविरुद्ध. दहा डावांची लढत होती, आठव्यातच आटोपली: होउ ५.५, हंपी २.५. हंपी एकही डाव जिंकू शकली नाही. तेव्हा दिव्या पाच वर्षांची होती, इथेच, नागपुरात. १९२७ साली लंडनला वेरा मेंचिक पहिली महिला जगज्जेती झाली, तेव्हापासून या यादीत भारतीय नाव आलेलं नाही.

पायरी आठवी: एक रविवार हॉलबाहेर

हे सक्तीचं नाही, पण सुचवते. शहरात कुठेना कुठे शाळेच्या सभागृहात मुलांची स्पर्धा असतेच. घरातल्या मुलीला न्या, खेळायला नसेल तर बघायला. पालकांना फेरी सुरू झाली की बाहेर काढतात, तेव्हा आत रेंगाळू नका. खेळणाऱ्या मुलाच्या खिशात मोबाईल सापडला तर डाव जातो, बंद असला तरी. फोन आपल्या पर्समध्ये. पाण्याची बाटली, रुमाल, आणि चाली लिहायला दोन पेनं, कारण एक हमखास बंद पडतं. मुलगी हरून बाहेर आली तर पहिली दहा मिनिटं "कशी हरलीस?" विचारू नका. समोसा द्या. मी हे चौथ्या वर्षी शिकले, तोवर बरंच नुकसान करून बसले होते.

बाहेरच्या खुर्च्यांवर ज्या गप्पा चालतात, त्यात दिव्याच्या पहिल्या दिवसांच्या आठवणी सांगणारे पालक अजून भेटतात. तिचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी आता नाहीत. तिने ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती, असं तिने जिंकल्यावर सांगितलं तेव्हा त्या खुर्च्यांवरचे बरेच जण गप्प झाले होते.

आता राहिलेली गोष्ट. सुरुवातीच्या फेऱ्यांत भारतीय विरुद्ध भारतीय. म्हणजे सायप्रसच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिव्यासमोर हंपी येणार आणि वैशालीही येणार. आमच्या भिशीत यावरून आत्ताच फूट पडली आहे. दोघी-तिघी हंपीच्या बाजूच्या आहेत. तिने इतकी वर्षं वाट पाहिली, आता तिलाच मिळावं, असं त्यांचं म्हणणं. एक वहिनी माहेरच्या चेन्नईच्या, त्या वैशालीला सोडायला तयार नाहीत. बाकी सगळ्या दिव्याच्या, हे सांगायला नको. त्या दिवसांसाठी बैठक आमच्याकडे ठेवली आहे. हंपीवाल्यांनी कूलरच्या बाजूला बसायचं नाही असं ठरलंय. दूधवाले भाऊंनाही बोलावलंय. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, या वेळी जिंकली तर म्हणू शकतो ना?"

मी म्हटलं, या वेळीही नाही. त्यानंतरची.

ते म्हणाले, "मग तेव्हाच बोलवा."